शिवाचेंडू

उंबरशेतच्या शाळेत नवा खेळ सुरू होणार, ही बातमी आधी दत्तोबांच्या ओटीवर पोचली आणि तिथेच तिची पहिली थट्टा झाली. दत्तोबा म्हणजे शाळा कमिटीचे अध्यक्ष. गावातली निम्मी भातखाचरं त्यांची, त्यामुळे शाळेला खेळायला जागा हवी असली तरी त्यांच्याकडेच जावं लागे. हौशीराम गुरुजी त्यासाठीच गेले होते. भात झोडून झालं होतं, शाळेमागचं खाचर रिकामं पडलं होतं, तेवढं पोरांना मिळालं तर बरं, असं त्यांनी दत्तोबांच्या कानावर घातलं. मग खेळ समजावून सांगितला. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरचा बांध गाठायचा. अडवणाऱ्यानं पाडायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं शिवायचं. शिवला की पळणारा जागच्या जागी थांबला, चेंडू खाली ठेवला, मग तो त्याच्या गड्यानं उचलायचा.

"म्हंजे शिवाशिवी," दत्तोबा म्हणाले.

"तसंच. फक्त चेंडू घेऊन."

"अवो गुरुजी, सरकार कवाधरनं बोंबलतंय, शिवाशिव बंद करा, शिवाशिव बंद करा. आन तुमी सरकारचाच पगार खाऊन शाळंत शिवाशिव चालू करताय व्हय?"

ओटीवर हशा पिकला. गुरुजीही हसले. विनोद खरोखरच चांगला होता, आणि खाचरही मिळालं.

हे सन चौसष्टच्या हिवाळ्यातलं. हौशीराम गुरुजी मूळचे बेडशाच्या बाजूचे, शेतकऱ्याच्या घरातले. वय तिशीच्या आत, अक्षर मोत्यासारखं, आणि नव्या गोष्टीची हौस नावाप्रमाणेच दांडगी. उन्हाळ्याच्या सुट्टीत शारीरिक शिक्षणाच्या शिबिराला जाऊन आले होते, तिथून हा खेळ घेऊन आले. शिबिरात त्याला 'स्पर्शचेंडू' म्हणत. उंबरशेतच्या पोरांच्या जिभेला तो शब्द एक दिवससुद्धा टिकला नाही. त्यांनी त्याचा 'शिवाचेंडू' केला आणि मग गुरुजीही तेच म्हणू लागले.

चेंडू लोणावळ्याहून आला. तिथल्या शाळेतले सखाराम मास्तर शिबिरात गुरुजींच्या शेजारी झोपायचे, त्यांची चांगली गट्टी जमली होती. त्यांनी कुठल्याशा आरमारी छावणीतून मोडीत निघालेले दोन लांबोडे चेंडू मिळवले आणि एक मित्राला दिला. गुरुजींनी तो पिशवीतून काढला तेव्हा पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"गुरुजी, ह्यो दबलाय वो," एक जण हळहळून म्हणाला.

"दबला न्हाई, फनस हाय त्यो," दुसरा म्हणाला. मग त्या चेंडूला फणसच म्हणायचं ठरून गेलं.

शिकवायची गुरुजींची स्वतःची एक तऱ्हा होती. रांगेत उभे राहा, आता फेकण्याचा सराव, असं म्हटलं की पोरं जांभया देतात हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते सगळं खेळात घालून द्यायचे. फेकायला शिकवताना त्यांनी भातलावणीची आठवण काढली. चिखलात उभं राहून रोपांच्या मुठी फेकायचं काम प्रत्येक पोरानं केलेलं होतं. "मूठ कशी फेकता? समोरच्याच्या हातात अलगद पडली पाहिजे, चिखल उडता कामा नये. तसाच फणस." आणि दुसऱ्याच दिवशी पोरं अशी फेकायला लागली की बघत राहावं. पळण्यासाठी 'डोंगराला आग लागली, पळा पळा'. आणि शिवण्यासाठी साखळी. एकावर राज्य, तो ज्याला शिवेल त्याचा हात धरायचा, मग दोघांनी मिळून तिसऱ्याला शिवायचं, त्याचाही हात धरायचा. अशी साखळी वाढत जाते आणि शेवटी एकच गडी मोकळा राहतो. तो जिंकला.

रोज तो एक गडी म्हणजे चिंगी.

चिंगी वरच्या वाडीवरची, कातकऱ्यांची. सहावीत होती. वाडीवरच्या लोकांची रीत अशी की दिवाळी झाली की घरंच्या घरं कोळशाच्या भट्ट्यांवर खाली कोकणात उतरायची ती पावसाच्या तोंडाला परत यायची. पोरं बरोबर जायची आणि शाळा तिथेच संपायची. वाडीवरचं एकही मूल आजवर सातवी पास झालं नव्हतं. चिंगी म्हाताऱ्या आजीपाशी राहायची म्हणून सहावीपर्यंत तरी आली होती. यंदा तीही जाणार होती. बहिरूमामा तिला न्यायला येणार, असं ठरलेलं होतं. तेवढ्यात फणस आला, आणि चिंगीनं आजीला सांगितलं, मी न्हाई जात.

गुरुजींना केवढा आनंद झाला! ही पोरगी सातवी झाली तर वाडीवरची वाट मोकळी होईल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. शाळेच्या भिंतीवर 'अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे' असं त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात गेरूनं रंगवलं होतं. ते नुसतं रंगवण्यापुरतं नाही, हे या पोरीमुळे दिसेल असं त्यांना वाटायचं. आणि पोरगी खेळात तर अशी की हाती लागायची नाही. फणस तिच्याकडे गेला की ती बाणासारखी सरळ सुटायची. पोरं आजूबाजूनं हात पसरून धावायची, ओरडायची, आणि ती बांध गाठून मोकळी. दत्तोबांचा मुलगा बाजीराव, तोच खेळाचा नायक, त्याला डाव कळायचा. त्यानं एक सोपी युक्ती काढली होती. फणस मिळाला की चिंगीकडे फेकायचा. बाकी काही करायचंच नाही.

मास्तरकीचा पेशा असा की माणूस पोरांच्या पाटीवरची काना-मात्रा बघतो, आणि पाटी धरलेला हात बघायचा राहून जातो. गुरुजींचं तेच झालं.

एके दिवशी एक गोष्ट घडली खरी. चिंगीच्या हातात फणस होता. ती पळता पळता मध्येच थांबली आणि चालायला लागली. बाजारातून घरी निघाल्यासारखी, सावकाश. पोरांनी तिला वेढा घातला. त्या दिवशी पलीकडच्या बाजूला असलेला बाजीराव दोन्ही हात पसरून पुढे नाचला, त्यांच्याच वर्गातली सरू डावीकडून आली. चिंगी दोघांच्या मधून चालत गेली आणि तिनं फणस बांधावर नेऊन ठेवला.

गुरुजींना राग आला. "माज आला का गं? समोरच्याला असं हिणवायचं नसतं. खेळायचं तर पळायचं."

चिंगीनं बांधावरचा फणस उचलून परत आणला. मग म्हणाली, "व्हय गुरुजी." त्यानंतर ती कधी चालली नाही.

पौषात सखाराम मास्तरांशी सामना ठरला. जागा मळवलीची, रेल्वेच्या कडेचं एक मोकळं खाचर, म्हणजे त्यांना आगगाडीनं यायला सोपं आणि यांना पायी. उंबरशेतहून पोरांच्या मागोमाग निम्मं गाव आलं. दत्तोबा ठेवणीतला फेटा बांधून आले होते. लोणावळ्याची पोरं बहुतेक रेल्वेच्या चाळीतली, पायात कॅनव्हासचे बूट, अंगात एकसारखे सदरे. त्यांच्यातही दोन-तीन मुली होत्या. उंबरशेतची पोरं अनवाणी, पण छाती पुढे काढून उभी. आपल्याकडे चिंगी आहे, मग बूट काय करायचेत?

शिट्टी वाजली. फणस बाजीरावाकडे आला आणि त्यानं ठरल्याप्रमाणे मूठ फेकावी तसा तो चिंगीकडे फेकला. चिंगी सुटली. समोरून दोन वेण्या घातलेली एक लोणावळ्याची मुलगी धावत आली, आणि तिनं चिंगीच्या पाठीत सणसणीत धपका घातला.

"शिवले!"

चिंगी थांबली. आता फणस खाली ठेवायचा, एवढा साधा नियम. पण ती ठेवेना. तशीच उभी राहिली. एक हात मागे नेऊन तिनं पाठ चाचपली आणि त्या वेणीवाल्या मुलीकडे बघत राहिली.

"ठेव खाली! चिंगे, ठेव की खाली!" बाजीराव किंचाळत होता. पंचांनी शिट्टी फुंकली आणि फणस लोणावळ्याला देऊन टाकला.

आणि त्या क्षणी, बांधावर उभ्या असलेल्या हौशीराम गुरुजींच्या ते ध्यानात आलं. चिंगीला नियम आठवत नव्हता असं नाही. फणस खाली ठेवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. साखळीत ती रोज शेवटी मोकळी राहायची ती काय पळून? तिला शिवायचं म्हणजे पुढे तिचा हात धरायचा. तो कोण धरणार होतं? आधी त्यांनी स्वतःची समजूत घातली, पोरगी आहे, पोरं बुजत असतील. पण मग सरूला कसे शिवत होते सगळे? आणि सरू तरी चिंगीला कधी शिवली होती?

सामना पुढे चालू राहिला आणि उंबरशेत सपाटून हरलं. फणस चिंगीकडे गेला की ती सरळ रेषेत पळायची, आणि लोणावळ्याचं कुणीतरी येऊन तिला शिवायचं. चुकवणं म्हणून काही असतं हे तिला माहीतच नव्हतं. पण सगळ्यात वाईट म्हणजे, शिवलं की ती हसायची. पहिल्यांदा बावरली होती, पुढे पुढे दर धपक्याला तिचा चेहरा फुलत गेला. ते बाजीरावानं बघितलं आणि त्याचं डोकं फिरलं.

"आमी हितं मरतोय आन ही हासती! गुरुजी, ही त्यांना सामील झालीया."

परतीच्या वाटेवर कुणी चिंगीशी बोललं नाही. ती सगळ्यांच्या मागून येत होती. नेहमीच येत असे. गुरुजींना ते आज दिसलं.

दुसऱ्या दिवशी चिंगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दत्तोबा शाळेवरून जाताना थांबले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. लय डोक्यावर घेतली व्हती. आपली पोरं आपली बरी." गुरुजी वर्गात निघून गेले. शाळा सुटल्यावर ते वरच्या वाडीची चढण चढू लागले.

सावित्राबाई, चिंगीची आजी, झोपडीपुढे कारवीच्या काठ्या सोलत बसली होती. गुरुजींना बघून ती गडबडीनं उठली, बसायला काय द्यावं ते तिला सुचेना. गुरुजी दगडावर बसले. झोपडीच्या कुडाला टेकून एक गाठोडं तयार ठेवलेलं होतं. ते चिंगीचं.

"निरोप धाडला, उद्या बहिरू येनार हाय, तिचा मामा," सावित्राबाई म्हणाली. "भट्टीवर जाती म्हनाली. म्या न्हाई बोलले काय. तीच म्हनाली."

चिंगी आजीच्या मागे उभी होती.

"पोरं बोलली त्याचा राग आला का गं?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई."

"मग शाळा का सोडतेस?"

"तितं काय खेळायचं गुरुजी? म्या चालले तरी पोचते."

गुरुजींना तो दिवस आठवला आणि त्यांच्या कानाची पाळी तापली. ही पोरगी माज करत नव्हती. ती बघत होती, नुसती चालत गेले तरी कुणी शिवतंय का. आणि आपण भर खेळात तिला बोललो.

"तवाच ठावं झालं मला, कुनी शिवत न्हाई," चिंगी म्हणाली. मग एकदम तिचा आवाज बदलला. "ती लोनावळ्याची पोरगी लय भारी वो गुरुजी! काय धपका घातला पाठीत! अजून हितं हुळहुळतंय." तिनं वळून पाठ दाखवली, शर्यतीत मिळालेलं बक्षीस दाखवावं तशी. सावित्राबाई खाली मान घालून काठी सोलत राहिली.

"मी पोरांना सांगतो," गुरुजी म्हणाले. "शिवतील तुला. मी शिकवतो त्यांना."

"तुमी शिवाल?"

किती साधं विचारलं तिनं. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. गुरुजी 'हो तर' म्हणायला गेले आणि त्यांना एक काटा आठवला. बाजीरावाच्या पायात काटा गेला होता तेव्हा त्याचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी तो काढला होता. चिंगीच्या पायात गेला तेव्हा? तेव्हा त्यांनी तिच्यापुढे जमिनीवर सुई ठेवली होती. "काढ बाळ, हळू काढ," असं किती मायेनं म्हणाले होते! पाटी तपासायची झाली तर बाकीच्यांची हातातून घ्यायचे, तिची ती खाली ठेवायची आणि मग ते उचलायचे. फणससुद्धा बाकीच्यांना हातात द्यायचे, तिला फेकायचे. यातलं काही त्यांनी ठरवून केलं नव्हतं. बेडशाला आईनं लहानपणी हाताला जे वळण लावलं होतं ते हातात तसंच राहिलं होतं, आणि वर भिंतीवर गेरूनं ते सुंदर अक्षर!

तिथल्या तिथे उठून पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण हात उचलेना. गुरुजींना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांना आजीकडे बघवेना.

"उद्या ये," ते म्हणाले. "मामा यायच्या आधी ये. एक डाव खेळू. उद्या शिवतो."

चिंगीनं आजीकडे बघितलं. आजी म्हणाली, "गुरुजी म्हनत्यात तर जा. एक डाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी सगळ्या पोरांना खाचरात बसवलं. धसकटं टोचत होती, पोरं चुळबुळत होती. चिंगी बांधाजवळ जरा लांब बसली होती. दत्तोबा शेजारच्या खाचरात वालाच्या पिकाकडे आले होते, ते काठी टेकून बांधावर थांबले.

"आपण का हरलो?" गुरुजींनी विचारलं.

"चिंगीमुळं," बाजीरावानं लगेच सांगितलं.

"बरोबर. चिंगीला चुकवता येत नाही. पण का येत नाही?"

बाजीरावानं डोकं खाजवलं.

"चुकवायचं शिकायला आधी कुणीतरी शिवायला यावं लागतं. खोटं खोटं हात पसरून नाही, खरं शिवायला. तिला इथं कोण शिवलंय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. पोरं धसकटं उपटत बसली. सरूनं तोंडाला पदर लावावा तसा फ्रॉकचा घोळ तोंडाशी धरला. शेवटी बाजीराव म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा नायकाचा नव्हता, "गुरुजी, आई आंगूळ घालंल वो."

"घालू दे. खेळून घाम येतो, आंघोळ तशीही करायचीच असते."

दोन पोरं फिस्सकन हसली. बाजीरावालाही हसू आवरेना. आईनं घातलेली आंघोळ घामाची की आणखी कशाची, हे पाण्याला थोडंच कळणार होतं?

"गुरुजी," बांधावरून दत्तोबांनी विचारलं, "खेळापुरतंच ना ह्ये?"

"खेळापुरतं म्हणा," गुरुजी म्हणाले. त्यांनी आणखी बोलायला हवं होतं. पण ती जमिनीवर ठेवलेली सुई त्यांना आठवत होती, आणि दत्तोबांना चार शब्द सुनवायचं तोंड आज त्यांच्याकडे नव्हतं.

त्यांनी धोतर वर खोचलं, टोपी काढून सरूकडे दिली आणि फणस हातात घेऊन चिंगीकडे चालत गेले. आज त्यांनी तो फेकला नाही. तिच्या हातात दिला. मग मागे सरून खाचराच्या मधोमध उभे राहिले.

"ये."

चिंगी आली. नेहमीसारखी सरळ. गुरुजी पुढे धावले, त्यांचा पाय धसकटात अडखळला, आणि त्यांनी हात पुढे केला. हात तिच्या खांद्यावर पडला. हाडकुळा खांदा, उन्हानं तापलेला, ठिगळ लावलेलं पोलकं. एवढंच होतं. बाकी काही म्हणजे काही नव्हतं.

"शिवलो!" गुरुजी ओरडले. त्यांचा आवाज चिरकला आणि पोरं हसली.

चिंगीनं खाली वाकून फणस जमिनीवर ठेवला, अगदी नियमाप्रमाणे, आणि ती बाजूला झाली.

मग डाव सुरू झाला. सुरुवातीला नुसते गुरुजीच शिवत होते. मग सरू पुढे झाली. तिनं तळव्यानं नाही, बोटाच्या टोकानं चिंगीच्या दंडाला हात लावला आणि तो लगेच मागे घेतला, कढईला लागल्यासारखा. दुसऱ्या खेपेला तिनं आख्खा पंजा लावला. मग आणखी एक पोरगा आला, मग आणखी एक. चिंगी सारखी पकडली जात होती, फणस खाली ठेवत होती, पुन्हा उभी राहत होती. गुरुजी पळता पळता शिकवत होते. "सरळ येऊ नकोस! डावीकडे जाते असं दाखव आणि उजवीकडे जा. बैल खाचराच्या कोपऱ्यात वळतो ना, तशी वळ. एक पाय रोव आणि वळ!"

बाजीराव तेवढा लांब लांब राहत होता. तो हात पसरायचा, पण चिंगी जवळ आली की पाऊल मागे घ्यायचा. आई समोर नव्हती, पण बाप बांधावर उभा होता.

याच वेळी वाटेनं एक माणूस आला. डोक्याला फडकं, खांद्यावर कोयता, काखेत चिंगीचं गाठोडं. बहिरूमामा. तो दत्तोबांपासून अंतर राखून बांधाच्या टोकाला उभा राहिला. भाचीला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण खाचरात काय चाललंय ते बघून ते तसंच उघडं राहिलं.

फणस पुन्हा चिंगीकडे गेला. सरूला तिनं चुकवलं. गुरुजी आडवे आले, त्यांनाही चुकवलं, एक पाय रोवून वळली आणि गुरुजींचा हात वाऱ्याला लागला. आता समोर फक्त बाजीराव होता आणि त्याच्या मागे बांध. बाजीराव जागच्या जागी खिळला. चिंगीनं पळायचं कमी केलं. ती त्याच्याकडे बघत होती. आता ही चालायला लागणार, असं गुरुजींना वाटलं.

"आरं बाज्या, बगतोस काय!" बांधावरून दत्तोबांची आरोळी आली. काठी वर उगारून ते पार पुढे आले होते. "आडवा हो! चालली की ती! शिव तिला! आरं शिव की रं तिला, शिव!"

सगळं खाचर ऐकत होतं. दत्तोबांचं दत्तोबांनाही ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी काठी खाली घेतली आणि उगाच फेटा चाचपला. पण शब्द सुटून गेला होता. बाजीरावानं पुढे झेप घेतली, खरी झेप, दोन्ही हात पुढे टाकून. चिंगी डावीकडे झुकली, पाय रोवला आणि उजवीकडे वळली. बाजीराव तोंडावर आपटला. धसकटांनी त्याचं ढोपर फुटलं. तो उठला तेव्हा लालबुंद झाला होता.

"थांब! थांब चिंगे, शिवतोच तुला!"

आणि तो तिच्या मागे लागला. चिंगीला बांध गाठायचं भानच राहिलं नाही. ती खाचरभर पळत होती, वळत होती, किंचाळत होती, हसत होती. मागे बाजीराव, त्याच्या मागे सरू, मग सगळीच पोरं, सगळ्यांचे हात पुढे, सगळ्यांना एकच, चिंगीला शिवायचं. नियम केव्हाच मोडले होते. गुरुजींनी शिट्टी तोंडाशी नेली आणि वाजवलीच नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

ते बांधाशी आले तेव्हा बहिरूनं गाठोडं खाली ठेवलेलं होतं. मघापासून तो एकटक बघत होता. गावाची पोरं आपल्या पोरीच्या मागं तिला शिवण्यासाठी धावताना त्यानं जन्मात बघितलं नव्हतं.

"एक डाव म्हनाली व्हती," तो म्हणाला.

"अजून संपला नाही," गुरुजी म्हणाले.

बहिरूनं गाठोडं बांधाच्या सावलीला सरकवलं. मग खांद्यावरचा कोयता सारखा केला. "तिला सांगा, मामा फुडं गेला म्हनावं. गाठुडं हितंच ऱ्हाऊ द्या, म्हातारी नेईल." तो दोन पावलं गेला आणि परत वळला. "पोरगी लय पळती, न्हाई?"

"आजपासून पळायला लागली," गुरुजी म्हणाले.